हॉर्निमन सर्कलची कमानदार ओळ

ईस्ट इंडिया कंपनीने आपले मुख्य ठाणे 1687 मध्ये सुरतेहून मुंबईस हलविले. त्यामुळे इच्छापोरसारख्या सुरतेनजीकच्या गावी राहणाऱ्या मराठी शिक्षकासही मुंबईच्या कोटातील वास्तू परक्या वाटत नाहीत. त्यांपैकी हॉर्निमन सर्कलभोवतीची कमानदार इमारतींची ओळ विशेष विचारार्ह आहे.

येथे पूर्वी ‘बॉम्बे ग्रीन’ नावाचे मोकळे मैदान होते. त्याच्या पूर्वेस 1833 मध्ये पूर्ण झालेला टाउन हॉल व पश्चिमेस 1718 मध्ये उपासनेसाठी खुले झालेले सेंट थॉमस चर्च आहे. पोलीसप्रमुख चार्ल्स फॉरजेट यांच्या कल्पनेनुसार 1860 च्या दशकात या मैदानास वर्तुळाकार चौकाचे रूप देण्यात आले. भोवतालचे भूखंड व्यापारी पेढ्यांस विकले गेले. परंतु मालक अनेक असले तरी दर्शनी रूप एकच राखण्यात आले. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव या चौकास मिळाले. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात, 1919 मध्ये सरकारने हद्दपार केलेले ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांचे नाव त्यास देण्यात आले.

या रचनेचे मर्म तळमजल्यावर आहे. तेथे भिंत मागे सरकविली असून वरचे मजले कमानींवर तोलले आहेत. त्यामुळे पादचाऱ्यास उन्हापावसापासून आश्रय देणारी सलग वाट मिळते. आपल्या वाड्यांची ओसरी घरच्या माणसांसाठी असते. ही ओसरी वाटसरूंसाठी आहे. कमान वरील भार खांबांवर उतरविते, पण त्याबरोबर खांबांस बाजूंनाही रेटते. शेजारची कमान उलट बाजूने रेटत असल्याने मधले खांब स्थिर राहतात. ओळीच्या टोकाचा खांब मात्र भक्कमच असावा लागतो.

अशा ओळीचे रक्षण एकेका मालकाच्या मर्जीवर सोडून चालत नाही. एकाने कमान बुजवून दुकान वाढविले, की सर्वांचीच वाट खुंटते. दुसऱ्याने मनास येईल तसा मजला चढविला, की संपूर्ण वर्तुळाची रेषा बिघडते. मुंबईत 1995 मध्ये वारसा-वास्तूंसंबंधी नियम झाले, त्यांत एकट्या इमारतीबरोबर संपूर्ण परिसराचाही विचार आहे, हे योग्यच होय.

शिक्षकबंधूंनी मुंबईच्या सहलीत विद्यार्थ्यांस या कमानींखालून अवश्य चालवावे आणि खांबांमधील अंतर पावलांनी मोजावयास सांगावे. आपल्या गावच्या बाजारपेठेत पादचाऱ्यासाठी अशी किती जागा उरली आहे, हा प्रश्न त्यांस मग निराळा सुचवावा लागणार नाही.