मनाचे व्यवहार : ‘कापूस निघाला की पाहू’

लग्नाला वर्ष होत नाही तोच विचारणा सुरू होते, “गोड बातमी कधी?” यवतमाळकडे उत्तर ठरलेलं: “कापूस निघाला की पाहू.” पुढच्या वर्षीही तेच! असं का?

मूल हवंसं वाटणं आणि ते आता होऊ द्यायचं ठरवणं, या मनाच्या वेगळ्या पायऱ्या. दुरून डोंगर साजरे. लांबचं मूल म्हणजे नुसते बोबडे बोल. वेळ जवळ आली की दवाखान्याचा खर्च, जागरणं दिसू लागतात. मग मन तोलतं: आपली ओढ किती, सासूबाई काय म्हणतील (हे वजन भलतंच जड!) आणि आपल्या हाती काय. कोरडवाहू कपाशीच्या घरात हे शेवटचं पारडं दर हंगामाला हलतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर दर बाईमागे १.७ मुलं होता. त्यात पाळणा कुणी ठरवून लांबवला आणि कुणाचा हंगामानं, ते मात्र कळत नाही.