कॅसेटमधले चित्र संगणकात: स्वस्त कॅप्चर कार्ड निवडताना

व्हिडिओ कॅसेटच्या फितीवर चित्र साठते ते सतत चढउतार होणाऱ्या विद्युतसंकेताच्या रूपात. तो संकेत मोजून त्याचे आकडे करणारे आणि ते संगणकाकडे पाठवणारे उपकरण म्हणजे कॅप्चर कार्ड. नाशिकमध्ये 1980 च्या दशकापासून 2003 च्या सिंहस्थापर्यंतची कितीतरी लग्ने, मुंजी आणि गोदाघाटावरचे सोहळे अशा फितींवरच राहिले आहेत. व्हीएचएसचे व्हीसीआर शेवटपर्यंत बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही जुलै 2016 मध्ये उत्पादन थांबवले. जुने व्हीसीआर चालू आहेत तोवरच हे काम उरकायला हवे, आणि पुन्हा करावे लागू नये इतके नीट.

कार्ड कसे हवे, हे भारतातल्या टीव्हीच्या पाल पद्धतीवरून ठरते. पालच्या चित्रात 625 ओळी असतात. प्रत्यक्ष दिसतात त्या 576. सेकंदाला 25 फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम दोन फील्डमध्ये विभागलेली: एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. म्हणजे हालचालीची नोंद सेकंदाला 50 वेळा होते. व्हीएचएस फितीवरचा आडवा तपशील जेमतेम 240 रेषांचा. त्यामुळे 720 × 576 बिंदूंची नोंद पुरून उरते. खोक्यावर ‘फुल एचडी’ छापलेली स्वस्त उपकरणे हेच चित्र ताणून मोठे करतात. त्यात नवा तपशील येत नाही. उलट अनेकदा दोन फील्ड घाईने एकत्र केली जातात आणि निम्मी हालचाल कायमची जाते. एव्हीचे एचडीएमआय करणारी छोटी डबी मधे जोडण्याचा मार्गही याच कारणाने टाळावा.

खरी कसोटी असते ती वेळेच्या अचूकपणाची. पालमध्ये एका ओळीला 64 मायक्रोसेकंद मिळतात. पण वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवलेली फीत ताणली जाते आणि फीत वाचणाऱ्या, सेकंदाला 25 फेरे घेणाऱ्या हेड-ड्रमची गतीही किंचित डगमगते. मग एक ओळ थोडी आधी येते, दुसरी थोडी उशिरा. जुना टीव्ही हे सांभाळून घेई. संगणकावर मात्र उभ्या रेषा नागमोडी दिसतात, चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकतो आणि कार्डातली चिप भांबावली की फ्रेम गळतात. गळलेल्या फ्रेममुळे आवाज हळूहळू चित्राच्या पुढेमागे सरकतो; तासाभराच्या कॅसेटच्या शेवटी मंगलाष्टके एकीकडे आणि अक्षता दुसरीकडे अशी गत होते.

स्वस्त आणि बऱ्या कार्डातला फरक इथेच असतो. ‘ईझीकॅप’ नावाने सर्वात कमी किमतीत मिळणाऱ्या यूएसबी कार्डांचे बाह्यरूप सारखे असले तरी आतली चिप वेगवेगळी निघते. एखादे उत्तम चालते, शेजारचे चालत नाही. थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर हॉपॉजचे यूएसबी-लाइव्ह2 किंवा जपानी आय-ओ डेटाचे जीव्ही-यूएसबी2 ही नावाजलेली कार्डे आहेत. कोणतेही कार्ड घेतले तरी दोन मिनिटांच्या चाचणीवर विसंबू नये. पूर्ण तासाची कॅसेट उतरवावी, व्हर्च्युअलडब या मोफत प्रोग्रॅममध्ये गळलेल्या फ्रेमचा आकडा पाहावा, आणि शेवटच्या पाच मिनिटांत ओठ व शब्द जुळतात का ते तपासावे. परत घेण्याची हमी देणाऱ्या दुकानातूनच खरेदी करणे म्हणूनच शहाणपणाचे.

हाती मोजके पैसे असतील तर त्यातला मोठा वाटा कार्डापेक्षा व्हीसीआरवर खर्च करावा. हेड स्वच्छ नसतील तर महागडे कार्डही काही करू शकत नाही. व्हीसीआरला एस-व्हिडिओचे आउटपुट असेल तर तेच वापरावे, कारण त्यात प्रकाशमानता आणि रंग वेगळ्या तारांतून येतात. पण घरगुती व्हीसीआरना बहुधा पिवळी कंपोझिट पिनच असते. अशा वेळी कार्डाच्या एस-व्हिडिओसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. पॅनासोनिकचे डीएमआर-ईएस10 किंवा ईएस15 हे जुने डीव्हीडी रेकॉर्डर सेकंडहँड मिळाले तर ते व्हीसीआर आणि कार्ड यांच्यामध्ये जोडावेत. ओळींची डगमग ते बरीच सावरतात.

फितीवर पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट लावूच नये. पावसाळ्यातल्या दमटपणाने धरलेली ती बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटपर्यंत पोचते.

काही फितींना कॅप्चर कार्ड लागतच नाही. 2000 नंतरच्या बऱ्याच शूटिंगसाठी वापरलेली मिनीडीव्ही मुळातच डिजिटल आहे. ती फायरवायर तारेने जशीच्या तशी उतरते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट एनटीएससी पद्धतीची असू शकते. तिला ती पद्धत चालवणारा व्हीसीआर लागतो आणि कार्डाचे सेटिंगही 720 × 480 असे बदलावे लागते.

साठवणीचा हिशोबही आधीच करावा. न दाबलेले चित्र सेकंदाला सुमारे 21 मेगाबाइट, म्हणजे तासाला जवळपास 75 गिगाबाइट जागा घेते. हफवायूव्हीसारख्या, काहीही न गाळणाऱ्या कोडेकने ती निम्म्याच्या आसपास येते. जी कार्डे थेट एमपीईजी किंवा एच.264 मध्येच फाइल देतात, त्यांची प्रत पाहण्यापुरती ठीक. जपण्याची मूळ प्रत म्हणून ती कमी पडते. मूळ फाइल फील्डसकट तशीच ठेवावी. मोबाइलवर पाहण्यासाठी तिच्यावरून सेकंदाला 50 फ्रेमची वेगळी, लहान प्रत काढता येते. स्टुडिओकडून काम करून घेतानाही डीव्हीडीवर न थांबता हीच मूळ फाइल हार्ड डिस्कवर मागून घ्यावी.