फडकं, साठ अंश आणि आयरिश पाऊस

आयर्लंडमधल्या मराठी घरात बाळ येणार असलं की पुण्या-नाशकाहून आजी निघते. भेटीच्या व्हिसावर तिला जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. बॅगेत बाळंतशोपा, अळीव, टोपडी-झबली आणि जुन्या सुती साड्यांची दुपटी असतात. इकडे घरात नॅपी बदलायच्या जागी वेट वाइप्सची पाकिटं रचून ठेवलेली असतात. बाळाची शी-शू दर दोन-तीन तासांनी, त्यामुळे पाकीट बघता बघता संपतं आणि आजी विचारते, ‘‘अगं, एवढीशी शी पुसायला मऊ फडकं नाही का चालत?’’

चालतं. आयर्लंडमध्येही धुवून पुन्हा वापरायची फडकी पसंत करणारे आईवडील आहेत. पण ती नुसती विकत आणून भागत नाही. ती धुवायची कशी, वाळवायची कुठे आणि हे करायचं कुणी, यावर सगळं ठरतं.

पाकिटात काय असतं?

वेट वाइप दिसतो कागदासारखा, पण कागद नसतो. पॉलिएस्टर, व्हिस्कोज अशा तंतूंचा पातळ थर पसरून त्यावर पाण्याचे जोरदार फवारे मारले की तंतू एकमेकांत गुंततात आणि न विणताच कापड तयार होतं. मग ते भिजवून पाकिटात भरतात. ओली वस्तू महिनोन्‌महिने बंद ठेवायची तर बुरशी येणारच, म्हणून टिकवण्यासाठी रसायन घालावं लागतं. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे असंच एक रसायन. त्यामुळे त्वचेच्या अ‍ॅलर्जीच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला ‘वर्षाचं अ‍ॅलर्जन’ ठरवलं. युरोपीय संघाने २०१७ पासून वाइप्ससकट त्वचेवर राहणाऱ्या सगळ्या प्रसाधनांत त्याला बंदी केली. आज मिळणारे चांगले वाइप्स त्या मानाने सौम्य असतात, त्यामुळे ते वापरणाऱ्या आईने अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही.

तरीही बाळाच्या त्वचेला नेमकं काय हवं असतं, हे पाहण्यासारखं आहे. शूमधल्या युरियापासून अमोनिया बनतो, त्याने त्वचेची नैसर्गिक आम्लता कमी होते, आणि मग शीतली पाचकद्रव्यं त्वचेवर जास्त जोराने काम करतात. नॅपीच्या जागचं लाल पुरळ येतं ते बहुतेक वेळा यातूनच. उपाय साधा आहे. लवकर बदलावं, न घासता पुसावं आणि कोरडं करावं. त्यासाठी कोमट पाणी आणि मऊ कापड पुरतं.

टाकलेलं कुठे जातं?

वाइप ओला असताना फाटू नये, याच हिशेबाने बनवलेला असतो. त्यामुळे टॉयलेट पेपर पाण्यात विरतो तसा तो विरत नाही. आयर्लंडची सरकारी पाणी-कंपनी ‘इश्के एरन’ आणि किनारे राखणारा ‘क्लीन कोस्ट्स’ हा उपक्रम मिळून गेली कित्येक वर्षं लोकांना सांगत आहेत, की कमोडमध्ये शी, शू आणि कागद या तीनच गोष्टी जाऊ द्या. वाइप्स गटारात चरबीला चिकटून गोळे होतात. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये असा सुमारे १३० टनांचा, २५० मीटर लांबीचा गोळा सापडला होता. आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत तर जवळपास पाच लाख घरांचं सांडपाणी घराच्या आवारातल्या सेप्टिक टाकीत किंवा तशाच छोट्या यंत्रणेत जातं. तिथे तुंबलं की निस्तरायचं घरमालकानेच.

जुलै २०२१ पासून युरोपात प्लॅस्टिक असलेल्या वाइप्सच्या पाकिटावर कासवाचं चित्र छापणं सक्तीचं झालं. वाइप्सच्या कचऱ्याचा खर्च उत्पादकांनीही उचलावा, यासाठी युरोपीय कायद्याने २०२४ अखेरची मुदत दिली होती. ग्राहक मात्र तो खर्च आधीपासूनच उचलतो, कारण वाइप्स ज्यात टाकायचे त्या काळ्या बिनच्या कचऱ्याचे पैसे आयर्लंडमध्ये घरटी मोजावे लागतात. डब्लिनमधला असा बराच कचरा २०१७ पासून पूलबेगच्या भट्टीत जाळला जातो आणि त्यातून वीज होते.

आपल्याकडे मधे भट्टी नाही, माणूस आहे. पुण्यात डायपर आणि पॅड ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचकांच्या हाती येतात. असा कचरा वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, एवढी विनंती करण्यासाठी त्यांना ‘रेड डॉट’ मोहीम चालवावी लागली. टाकून दिलेली घाणही कुणीतरी हाताळतच असतं, फक्त ते आपल्याला दिसत नाही.

फडक्यांची शिस्त

साधारण वीतभर चौकोनी टेरी किंवा फ्लॅनेलची वीस-तीस फडकी एका बाळाला पुरतात. विकतच घ्यायला हवीत असं नाही. जुना टॉवेल कापून कडा शिवल्या तरी काम होतं. स्वच्छ फडकी कोरडी ठेवावीत आणि लागतील तशी पाण्यात बुडवावीत. भिजवून ठेवायचीच असतील, तर त्या दिवसापुरतीच, नाहीतर कुबट वास येतो. पाण्यात सुगंधी तेलं घालू नयेत, तान्ह्या बाळाला त्यांची गरज नसते. मुलगी असेल तर नेहमी पुढून मागे पुसावं.

वापरलेली फडकी झाकणाच्या डब्यात किंवा वॉटरप्रूफ पिशवीत कोरडीच साठवावीत. घट्ट शी असेल तर ती आधी कमोडमध्ये टाकावी. नुसतं आईचं दूध पिणाऱ्या बाळाची शी पाण्यात विरघळते, ती मशीनमध्येच निघून जाते. दोन दिवसांच्या आत धुणं लावावं. आधी गार पाण्यात एकदा खळबळून, मग पुरेशी पावडर घालून साठ अंशांवर मोठी फेरी. फॅब्रिक सॉफ्टनर टाळावा. त्याचा थर बसला की कापड पाणी शोषत नाही. आयर्लंडमध्ये बाळांना दोन आणि चार महिन्यांची झाल्यावर रोटाव्हायरसची लस तोंडावाटे देतात. त्यानंतर काही दिवस त्या लसीतला विषाणू शीतून बाहेर पडू शकतो, म्हणून नॅपी बदलल्यावर हात साबणाने धुवायलाच हवेत. तसे ते एरवीही हवेतच.

खरी परीक्षा वाळवण्याची. पूर्व किनाऱ्यावर वर्षातले सुमारे दीडशे दिवस पावसाचे, तर पश्चिमेच्या काही भागांत सव्वादोनशे. अंगणातली दोरी बरेचदा रिकामीच राहते. जुन्या आयरिश घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती ‘हॉट प्रेस’ नावाचं कपाट असतं, त्यात ओलसर कपडे रात्रीत कोरडे होतात. फडकी लहान आणि एकेरी असल्याने घरातल्या स्टँडवरही लवकर वाळतात. जाड कापडी नॅपी मात्र आयरिश हिवाळ्यात दोन-दोन दिवस दमट राहते. म्हणून सुरुवात नॅपीपासून न करता फडक्यांपासून करणं सोपं जातं.

पर्यावरणाचा हिशेबही इथेच फिरतो. ब्रिटनमधल्या २००८ च्या सरकारी अभ्यासात कापडी आणि डिस्पोजेबल नॅपींचा कर्बभार जवळजवळ सारखा निघाला होता. पूर्ण भरलेलं मशीन, दोरीवर वाळवणं आणि दुसऱ्या बाळालाही त्याच नॅपी, असं केलं तर कापडाचा भार बराच उतरत होता; खूप गरम पाणी आणि ड्रायर वापरला की तो चढत होता. २०२३ च्या नव्या अभ्यासात कापडी नॅपींचा भार सुमारे २५ टक्के कमी आला. हे आकडे नॅपींचे आहेत, पण फडक्यांनाही तोच नियम लागू पडतो.

धुणार कोण?

लंगोटांच्या जुन्या काळाचं कौतुक करताना एक गोष्ट विसरली जाते. मोरीत उकिडवं बसून, गार पाण्यात ते ढीगभर लंगोट धुणारी नेहमी बाईच असायची. डिस्पोजेबल नॅपी आणि वाइप्स आले, तेव्हा त्यांनी तिचे तास वाचवले. फडकी परत आणताना ते तास पुन्हा तिच्याच माथी मारले, तर त्याला पर्यावरणप्रेम म्हणता येणार नाही.

आयर्लंडमध्ये आईला २६ आठवडे प्रसूती रजा मिळते, वडिलांना दोन आठवडे. आजीचे ९० दिवस संपले की दिवसभर बाळाजवळ एकटी आईच उरते, आणि काही ठरलेलं नसेल तर धुणंही तिच्याकडेच जातं. म्हणून फडकी आणण्याआधी मशीन कोण लावणार आणि वाळत कोण घालणार, हे ठरवावं. कामावरून आल्यावर बाबांनी डबा मशीनमध्ये रिकामा करणं काही अवघड नाही. कापडी नॅपी आधी वापरून पाहायच्या असतील, तर ‘क्लॉथ नॅपी लायब्ररी आयर्लंड’ ही स्वयंसेवकांची संस्था त्या उसन्या देते. पाळणाघराचं म्हणणं काय, तेही आधीच विचारून घ्यावं. आणि घरात यातलं काहीच जमत नसेल, तर खुशाल वाइप्स वापरावेत. फक्त ते काळ्या बिनमध्ये टाकावेत, कमोडमध्ये नाही.