राजकारणाची पहिली ओळख, मार्केट यार्डात

मुलांना राजकारण प्रचाराच्या भोंग्यांतून कळतं, हा समज पुण्याच्या मार्केट यार्डाला लागू पडत नाही. हमालाच्या घरात ते बंदच्या दिवशी कळतं, कारण काम थांबलं की मजुरी नाही. याच हमालांसाठी कामगारनेते बाबा आढावांनी १९५५ साली हमाल पंचायत ही संघटना उभी केली. पुढे ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठीच्या १९६९ च्या माथाडी कायद्याने माथाडी मंडळं आली, मजुरीवर वेगळी रक्कम म्हणजे लेव्ही मालकांवर बसली, हमालांना भविष्यनिर्वाह निधी मिळू लागला.

हा तर मजुरीचा वाद, यात राजकारण कसलं, असं कुणी म्हणेल. पण हमालीचा दर कोणी ठरवायचा हा सत्तेचाच प्रश्न आहे, आणि कायदा शेवटी विधिमंडळातच झाला. मुलांना कलमं कळत नाहीत, खरं. बापाच्या म्हातारपणाची सोय आहे की नाही, हे मात्र नेमकं कळतं. (नागरिकशास्त्राचं पुस्तक फार उशिरा येतं!)