भीमाकाठची उंटांची छावणी

मंगळवेढ्याजवळ माचणूरला भीमेच्या अगदी काठावर एक किल्ला उभा आहे. १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची मुख्य छावणी इथेच, ब्रह्मपुरीला होती. छावणी कसली, हलतं शहरच ते. तंबू, धान्य, दारूगोळा, दप्तरं आणि खजिना हे सारं उचलून न्यायला उंट लागत. ब्रह्मपुरीच्या आधी बादशहाचा मुक्काम कृष्णाकाठी गलगल्याला होता. तिथे आलेल्या जेमेली करेरी या इटालियन प्रवाशाला छावणीत ५० हजार उंट असल्याचं सांगण्यात आलं. आकडा फुगवलेला असेलही, पण उंटांशिवाय ही मोहीम चाललीच नसती.

सोलापूरकडच्या उन्हाळ्यात हे जनावर टिकतं ते त्याच्या शरीररचनेमुळे. मदारीत पाणी नसतं, चरबी असते. दिवसा अंगाचं तापमान ४१ अंशांपर्यंत चढलं तरी उंटाला चालतं, त्यामुळे घामावाटे पाणी फारसं जात नाही. तहानलेला असेल तर दहा-पंधरा मिनिटांत तो शंभर लिटर पाणी पितो.

मराठ्यांनाही उंटाचं मोल ठाऊक होतं. शिवाजी महाराजांच्या अठरा कारखान्यांत उष्ट्रखाना होता. पेशवाईत तातडीचा खलिता सांडणीस्वाराच्या हाती जाई. याच जनावराने १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर घात केला. अब्दालीच्या जंबुरका, म्हणजे छोट्या तोफा, उंटांच्या पाठीवर होत्या. उंट गुडघ्यांवर बसवायचा, तोफ डागायची, त्याला उठवून दुसऱ्या जागी न्यायचं. मराठ्यांच्या जड तोफांना अशी चपळाई शक्य नव्हती.

चिखलात मात्र उंटाचं काही चालत नाही. वाळूत न रुतणारे त्याचे मऊ, पसरट तळवे ओल्या मातीत घसरतात. १७०२ मध्ये विशाळगड घेऊन बादशाही फौज भर पावसात पन्हाळ्याकडे परतली, तेव्हा जेमतेम तीस मैलांच्या वाटेला ३८ दिवस लागले आणि ओझ्याची जनावरं वाटेत मरून पडली.

आज विदर्भात कच्छी रबारी मेंढपाळांच्या तांड्यांबरोबर उंट दिसतात. मेंढ्या शेतात बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून मोबदला घ्यायचा आणि पुढच्या शिवाराकडे निघायचं. त्या वाटेवर उंटाच्या पाठीवर खाट असते, भांडी असतात, चालून दमलेली कोकरं असतात, आणि सगळ्यांत वर घरातलं लहान मूल.