वेब सर्व्हर व डेटाबेस यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरची स्थापना : पूर्वनियोजनाचे स्वरूप

प्रास्ताविक :
महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर विद्यार्थी आपला बैठक क्रमांक नोंदवितो आणि काही क्षणांत त्याचे गुण पडद्यावर दिसतात. या व्यवहारात मागणी वेब सर्व्हर स्वीकारतो, माहिती डेटाबेसमध्ये असते आणि या दोहोंमधील दुवा तिसरे सॉफ्टवेअर साधते. १९९३ मधील सीजीआय पद्धतीपासून पीएचपी (१९९५) व जेडीबीसी (१९९७) पर्यंत या दुव्याची रूपे बदलली. कार्य मात्र तेच राहिले. हे सॉफ्टवेअर बसविणे अल्पावधीचे काम आहे; परंतु त्याचे यश आधी घेतलेल्या निर्णयांवर अवलंबून असते. अपाची, पीएचपी व मायएसक्यूएल यांच्या आधारे अशा चार निर्णयांची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे.

१) आवृत्त्यांची सुसंगती :
पीएचपीमधील मायएसक्यूएलसाठीचा जुना विस्तार २०१३ मध्ये कालबाह्य ठरविण्यात आला व २०१५ मधील ७.० या आवृत्तीतून वगळण्यात आला. त्यावर आधारित प्रणाली नव्या सर्व्हरवर चालत नाहीत. त्या मायएसक्यूएलआय अथवा पीडीओ यांवर आणाव्या लागतात. म्हणून तिन्ही घटकांच्या आवृत्त्या प्रथम एकाच तक्त्यात नोंदवाव्यात.

२) जोडण्यांची मर्यादा :
मायएसक्यूएलच्या मूळ मांडणीत सर्वसाधारण वापरासाठी एका वेळी १५१ जोडण्यांची मर्यादा असते. अपाचीच्या प्रीफोर्क पद्धतीत मात्र मूळ मर्यादा २५६ मागण्यांची आहे. निकालाच्या दिवशी प्रत्येक मागणीने स्वतंत्र जोडणी उघडून धरल्यास १०५ विद्यार्थ्यांना गुणांऐवजी त्रुटीचा संदेश दिसेल. सबब दोन्ही आकडे सर्व्हरची स्मृतिक्षमता पाहून परस्परांशी जुळवून ठरवावेत.

३) वर्णसंच :
२०१८ मधील ८.० या आवृत्तीपूर्वी मायएसक्यूएलचा मूळ वर्णसंच लॅटिन-१ होता. त्यात देवनागरी अक्षरांना स्थान नाही. डेटाबेस, त्यातील तक्ते व जोडणी या तिन्ही ठिकाणी यूटीएफ-८ निश्चित न केल्यास नावांच्या जागी प्रश्नचिन्हे साठू शकतात. ती नावे नंतर परत मिळविता येत नाहीत.

४) अधिकार व सुरक्षितता :
निकाल दाखविणाऱ्या प्रणालीस केवळ वाचनाचा अधिकार पुरेसा असतो. तिच्यासाठी 'रूट' हे खाते वापरू नये. डेटाबेसचा ३३०६ हा पोर्ट बाहेरील जगास बंद असावा. पासवर्डची फाईल संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरबाहेर ठेवावी.

समारोप :
वरील चारही निर्णय तांत्रिक वाटले, तरी विद्यार्थ्यांची संख्या, त्यांच्या नावांची लिपी आणि माहितीची गोपनीयता यांचे ज्ञान प्राध्यापक व कार्यालय यांनाच असते. म्हणून नियोजनाचा लेखी आराखडा महाविद्यालयाने स्वतः तयार करावा, माहितीची प्रत सुरक्षित ठेवून वेगळ्या संगणकावर त्याची चाचणी घ्यावी आणि त्यानंतरच प्रत्यक्ष स्थापना करावी.