शतक बदलताना टेलिफोनची परीक्षा

समजा, ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री ११ वाजून ५८ मिनिटांनी सुरू झालेले संभाषण १२ वाजून ३ मिनिटांनी संपले. बोलणे ५ मिनिटांचे. पण जागा वाचवण्यासाठी जुन्या आज्ञावल्यांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक ठेवलेले असत. संगणकाने ०० मधून ९९ वजा केले, की उत्तर उणे ९९ वर्षे! हाच 'वाय-टू-के' दोष.

आवाज वाहून न्यायला तारीख लागत नाही. बिलांना आणि नोंदींना लागते. शिवाय एकच कॉल अनेक कंपन्यांच्या केंद्रांतून जातो. म्हणून अमेरिकेतील मोठ्या टेलिफोन कंपन्यांनी आपापल्या यंत्रणा एकमेकींना जोडून, घड्याळे पुढे सरकवून चाचण्या घेतल्या. फेब्रुवारी १९९८ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी जॉन कोस्किनेन यांच्या नेतृत्वाखाली मंडळ नेमले. कोर्टकचेरीच्या भीतीने कंपन्या दोषांबद्दल बोलायला कचरत. म्हणून ऑक्टोबर १९९८ मध्ये प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला.

एक धोका माणसांचाच होता. 'फोन चालू आहे ना?' हे पाहण्यासाठी मध्यरात्री सर्वांनीच रिसीव्हर उचलला, तर निर्दोष केंद्रावरही ताण येतो! तसे करू नका, असे लोकांना आधीच सांगण्यात आले.

१ जानेवारी २००० रोजी फोन चालू राहिले. मग ही सारी धावपळ व्यर्थ होती का? त्या दिवशी अमेरिकी नौदल वेधशाळेच्या संकेतस्थळावर वर्ष झळकले '१९१००'. १९०० पासून मोजलेली १०० वर्षे, आणि त्यांच्यापुढे ठरावीक '१९'! जिथे नजर चुकली, तिथे दोष दिसलाच.